दारापुढचा कोबा

एर्नेस्टोने हातोडी उलटी धरली आणि तिच्या दांड्याने दारापुढचा ओटा ठोकायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक, मग एकदम ढब. ढब आलं की तो खडूने तिथे गोल काढायचा. अर्ध्या तासात अख्खा ओटा आणि खालची पायरी गोलांनी भरून गेली. मनोहर धर्माधिकारी स्वेटरच्या खिशात हात घालून शेजारी उभे होते. मे महिना सरत आला होता, तरी साडेआठ हजार फुटांवरच्या कोलोरॅडोतल्या त्या गावात सकाळी अजून तोंडातून वाफ निघत होती.

"निम्म्याहून जास्त पोकळ आहे, मिस्टर डी," एर्नेस्टो म्हणाला. धर्माधिकारी हे आडनाव उच्चारायच्या भानगडीत तो पहिल्या दिवसापासून पडला नव्हता.

"असणारच. पाणी मुरतं, गोठतं, फुगतं आणि काँक्रीट फोडतं. माझी बायको रोज सकाळी इथे पाणी टाकायची. आमच्यात तशी पद्धत आहे."

"किती पाणी?"

मनोहररावांनी दोन्ही हातांनी तांब्याचं माप दाखवलं.

एर्नेस्टोने त्या मापाकडे पाहिलं, मग समोरच्या डोंगराकडे. माथ्यावर अजून बर्फ होता. "आणि हा सहा महिने या ओट्यावर बसून असतो, त्याचं काय?"

तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. त्याने एका गोलाच्या कडेला छिन्नी घातली आणि तळहाताएवढी ढलपी अलगद उचकटली. तिची जाडी जेमतेम नखाएवढी होती. वरची बाजू अजूनही गुळगुळीत होती.

"हे बघा. खालचं काँक्रीट ठणठणीत आहे, फक्त वरचं हे कातडं सुटलंय. कुणीतरी ओल्या काँक्रीटवर कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि लोखंडी थापीने घोटत बसलं, चकाकी यावी म्हणून. इथल्या थंडीत हे चालत नाही. कातडं बंद होतं, खालचं पाणी तिथेच अडकतं आणि पहिल्याच हिवाळ्यात सुटायला लागतं. वरून तुम्ही पाणी टाका नाहीतर टाकू नका." त्याने ढलपी त्यांच्या हातात दिली. "कुणी केलं होतं हे काम?"

"पूर्वीच्या मालकाने," मनोहरराव म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. एर्नेस्टोने मान हलवली आणि पुढची ढलपी काढायला घेतली. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

पूर्वीच्या मालकाच्या काळी इथे लाकडी पायऱ्या होत्या. हा ओटा मनोहररावांनी स्वतः केला होता, सतरा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये, दोन दिवस गुडघ्यांवर बसून. शुभाताई म्हणाल्या होत्या, रांगोळीला जरा गुळगुळीत जागा असती तर बरं झालं असतं. झालं, मनोहररावांना अमरावतीचं घर आठवलं आणि वडिलांनी सदाशिव गवंड्याकडून करून घेतलेला कोबा आठवला. इतका घोटलेला की उन्हाळ्यात दुपारी त्यावर गाल टेकून झोपावं. चाळीस वर्षं मनोहररावांनी पुलांची डिझाइनं तपासली होती. काँक्रीट कोणतं मागवायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं आणि ते त्यांनी बरोबरच मागवलं होतं. पण थापी हातात आल्यावर त्यांनी पुस्तकाला विचारलं नाही, आठवणीतल्या सदाशिवला विचारलं. हौसेने सिमेंट भुरभुरवलं, हौसेने घोटलं. शुभाताई दर तासाला चहा आणून देत होत्या आणि अहो, पुरे आता, म्हणत होत्या.

तिसऱ्या हिवाळ्यात पहिला पापुद्रा निघाला. मनोहररावांनी एक नजर टाकली आणि निदान करून मोकळे झाले. तेव्हापासून शुभाताईंनी दारात तांब्या नेला की आतून सुरू व्हायचं, झालं का तुझं सिंचन, इंजिनियरच्या घरात राहून एवढं कळू नये का. पाहुण्यांसमोरसुद्धा. हिवाळ्यात त्या पाणी टाकतच नसत, ओलं फडकं फिरवत. तेही लपून. एप्रिलमध्ये त्याच ओट्याच्या फुटक्या कडेत त्यांच्या चपलेचं टोक अडकलं आणि खुबा मोडला. इमर्जन्सीतल्या डॉक्टरने कसं पडलात विचारलं, तर त्या कण्हत असताना मनोहररावांनी त्यालाही पाण्याचं सगळं समजावून सांगितलं होतं. शुभाताईंनी तेव्हा डोळे मिटून घेतले होते.

ते मिटलेले डोळे आता काही केल्या त्यांच्या समोरून हलेनात. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी ढलपी स्वेटरच्या खिशात टाकली.

दुपारी ते खिचडीचा डबा घेऊन रिहॅब सेंटरला गेले. शुभाताई वॉकर धरून खिडकीपर्यंत जाऊन आल्या होत्या आणि दमून खुर्चीत बसल्या होत्या.

"झाली का पायरी?" त्यांनी विचारलं.

"होतेय. उद्या वरचा थर देणार."

"रेणूचा फोन आला होता. मी हो म्हणून टाकलं. शनिवारी मला घरी न्यायला येईल, तेव्हा त्या घर विकणाऱ्या बाईलाही बोलावते म्हणाली."

रेणू त्यांची मुलगी, ॲरिझोनात चँडलरला राहायची. आईवडिलांनी हे डोंगरावरचं घर विकून तिच्याजवळ यावं, असं ती तीन वर्षं म्हणत होती आणि तीन वर्षं शुभाताई नाही म्हणत होत्या. त्या दारातून दिसणाऱ्या डोंगरावर त्यांचा जीव होता.

"तुला जायचंय का पण?" मनोहररावांनी विचारलं.

"मला काय विचारता? रेणू म्हणते तिथे स्नो नाही, शेजारीपाजारी मराठी माणसं आहेत. असेल बाई. आणि मी आता कुठल्या तोंडाने नको म्हणू? माझ्याच हाताने पायरी फोडली, तिच्यावरच पडले आणि या वयात तुम्हाला डबे करायला लावले."

मनोहररावांचा हात खिशात गेला. ढलपीची कड बोटाला लागली.

"शुभा, ते काँक्रीट..."

"माहितीये हो. तुम्ही सांगतच होतात. मीच ऐकलं नाही." त्यांनी मांडीवरचा टॉवेल नीट केला. "पुढे जे कोण राहायला येतील, त्यांच्यासाठी चांगली करून घ्या, म्हणजे झालं."

आता सांगायला हवं होतं. एक वाक्य, त्यापेक्षा जास्त नाही. पण पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला बरोबर असण्याची इतकी सवय झालेली असते की चूक कबूल करायला जीभच वळत नाही.

"खिचडी गार होतेय," मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी एर्नेस्टोने उरलेलं कातडं मशीनने खरवडून काढलं, ओटा धुतला आणि नवा थर ओतला. फळीने सारखा करून झाल्यावर तो लांब दांड्याचा झाडू घेऊन आला आणि ओल्या थरावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत गेला. मागे बारीक रेघा उमटत गेल्या. मनोहरराव नुसते उभे राहतील तर शपथ.

"एवढं खरखरीत? एकदा थापी फिरवली तर..."

"नको, मिस्टर डी. प्लीज, हात लावू नका. पाय धरायला हवा ना?" एर्नेस्टोने झाडू बादलीत बुडवला. "रात्री ब्लँकेट टाकून झाका, थंडी लागू देऊ नका. आणि उद्यापासून तीन-चार दिवस सकाळी पाणी मारा. ओलं राहिलं की पक्कं होईल."

हे काही नवीन नव्हतं, पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल. तरी गुरुवारी सकाळी नळी हातात धरून ओट्यावर पाणी मारताना मनोहररावांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, झालं का तुझं सिंचन. त्यांनी नळ बंद केला. आत जाऊन फोन उचलला, शुभाताईंचा नंबर लावला, आणि त्या हॅलो म्हणाल्यावर औषधं घेतलीस का, एवढंच विचारलं. शुक्रवारीही तेच झालं.

शनिवारी दुपारी रेणूने गाडी दारापर्यंत आणली. एर्नेस्टो ओट्याच्या कडेला लोखंडी कठडा बसवत होता. त्याने ड्रिल खाली ठेवलं आणि टोपी काढली.

"आई, सावकाश. टेक युअर टाइम," रेणू म्हणाली.

शुभाताई वॉकर घेऊन पायरीपर्यंत आल्या आणि थांबल्या. पाय उचलला, परत खाली ठेवला. एर्नेस्टोला वाटलं, आपण धीर द्यावा.

"घाबरू नका, मॅडम. ही नाही फुटायची. आधीचं कामच मुळात चुकीचं होतं. मिस्टर डींनी सांगितलं असेलच. पूर्वीच्या मालकाने नको तितकं घोटून ठेवलं होतं. तुमच्या पाण्याचा काही दोष नव्हता."

शुभाताईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"पूर्वीचा मालक?" त्यांनी मराठीत विचारलं.

रेणूच्या काहीतरी लक्षात आलं असावं. मनोहररावांनी आधी एर्नेस्टोकडे तोंड केलं, ते त्यातल्या त्यात सोपं होतं.

"पूर्वीचा मालक नाही. मीच केलं होतं ते. तुमच्याशी खोटं बोललो." मग ते शुभाताईंकडे वळले. "तुझ्या पाण्याने काही झालं नाही, शुभा. कधीच काही झालं नव्हतं. माझ्या घोटण्याने झालं. मंगळवारपासून माहीत आहे मला."

त्यांनी खिशातून ढलपी काढून पुढे केली. शुभाताईंनी ती घेतली आणि गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला.

"चौदा वर्षं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझ्या दारात पाणी टाकताना मी दरवेळी मागे वळून बघायचे. तुम्ही उठलात की काय म्हणून."

एर्नेस्टोला शब्द कळले नसले तरी बाकी सगळं कळलं. तो ड्रिलचं सामान आवरायला ट्रककडे निघून गेला.

"आई," रेणू हळूच म्हणाली, "ती रिअल्टर बाई चार वाजता येतेय."

"तिला सांग, येऊ नका. मला आधी माझ्या घरात जाऊ दे."

मनोहररावांनी हात पुढे केला. शुभाताईंनी तो घेतला नाही. त्यांनी नवा कठडा धरला, पाय उचलून पायरीवर ठेवला, दुसरा त्याच्याशेजारी आणला. खरखरीत रेघांवर चप्पल घट्ट बसली. एक एक पाऊल करत त्या दारापर्यंत पोचल्या, चौकट धरली आणि वळून उभ्या राहिल्या.

"अहो, तांब्या आणा."

मनोहरराव आत गेले आणि पितळेचा तांब्या भरून घेऊन आले. तो त्यांच्यासमोर धरला.

"मला वाकता येतंय का आता?" शुभाताई म्हणाल्या. "तुम्हीच टाका."

गुडघे कुरकुरले, पण मनोहरराव खाली बसले. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी ते ओट्यावर शिंपडलं, जरा पुढे सरकून पुन्हा शिंपडलं. पाणी झाडूच्या रेघांमधून धावलं आणि हळूहळू पसरलं. अर्धा ओटा झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं नाही, पण त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

शुभाताई दारातच उभ्या होत्या.

"त्या कोपऱ्यात राहिलंय," त्या म्हणाल्या.