यंदाचं वाण

स्टीलच्या वाट्यांचा मले वीट आला होता. वाटलेल्या वाट्या फिरून फिरून माझ्याच घरी येतात! म्हणून यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाले मी चिठ्ठ्या वाटल्या. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, इंग्रजीचा वर्ग चालतो. तिथं शिकलेलं एकेक दोन शब्दांचं क्रियापद प्रत्येक चिठ्ठीवर, अन् मागे अर्थ.

"हे काय वाण झालं?" आमचे श्यामराव दारातून हसले. त्यांनी हा वर्ग चौथ्याच दिवशी सोडला होता.

अनुश्रीले 'लुक आफ्टर' मिळालं, म्हणजे सांभाळणे. "वीस वर्षांपासून तेच तर करून राहिली मी!" ती म्हणाली, अन् सगळ्या खदखदून हसल्या.

मग ऐंशी वर्षांच्या पद्मजाकाकूंनी चिठ्ठी उघडली. 'गिव्ह अप'. मागे लिहिलं होतं, हार मानणे.

"हे मले नको. दुसरं दे."

"काकू, वाण परत करत नाहीत!"

"हव, माहीत आहे."

त्यांनी टोपलीतून स्वतःच 'कॅरी ऑन' उचललं, म्हणजे चालू ठेवणे. अन् पहिली चिठ्ठी नेऊन श्यामरावांच्या हातावर ठेवली.

"घे पोट्ट्या. तुझं वाण चुकून माझ्याकडे आलं होतं."