बाबलीची पेटी

सन त्रेसष्टची गोष्ट. कसालच्या बाजारात दुकान असलेले गुरुदास कीर्तनाची झांज ऐकली की तराजू तसाच टाकून धावायचे. त्यांचा झील, म्हणजे मुलगा, विश्राम मुंबईत गणित शिकला आणि भलतीच बातमी घेऊन घरी आला. विचार करणाऱ्या यंत्रावर त्याला काम मिळालं होतं. बाबांनी हो म्हटलं तरच जाणार होता, आणि बाबा अडून बसले होते.

"बुद्धी देव देता. तू कोण रे देणारो?"

"बाबा, ह्यात दोन वाटा आसत. काय जण म्हणतत, यंत्रानच माणसासारखो इचार करून निकाल देवचो. आमचे सायब म्हणतत, यंत्रान माणसाचा म्हणणा समजून घेवचा, सुचवचा. निकाल माणसान करूचो."

"एकाच पिठाचे घावणे! चटणेवांगडा खा, नायतर रसात बुडवून."

विश्रामची आई सीताबाई चुलीकडून म्हणाल्या, "ता यंत्र टाळ वाजवीत इला तर ह्यांका लगेच पटात!"

त्या सांजेला देवळात कीर्तनकार गणपतबुवा नारदाच्या गादीवर उभे राहून सुदाम्याचं आख्यान लावत होते. सुदामा द्वारकेच्या दाराशी पोचला आणि बुवा पुढचं पदच विसरले. गुरुदास जागेवरून अर्धे उठले. तेवढ्यात पेटीवर साथ करणाऱ्या बाबलीने त्या पदाची सुरावट हळूच काढली. बुवांना आठवलं, ते हसले. पण समोरची पोरं पेंगताना दिसली, तसं ते पद सोडून त्यांनी थेट पोह्यांच्या पुरचुंडीवर उडी मारली. बाबलीची पेटी निमूट त्यांच्या मागोमाग. पोरं खुदखुदली, मंडप जागा झाला.

गुरुदासांनी झिलाला कोपर मारलं. "तुझा यंत्र बाबलीसारखा काय रे?"

"बाबलीची सर येवक खूप वर्सां लागतली. पण व्हय, तसाच."

"आणि ते दुसरे यंत्राकच बुवा करतले?"

"बघतत करूक. विद्या एकच, बाबा. बसूची जागा येगळी."

"म्हंजे माझे घावणे बरोबर होते!" गुरुदास खुशीत आले.

आरती झाली. गुरुदास पुढे झाले, हात जोडून त्यांनी स्वतःच देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! माझो झील मुंबैक कामार जाता. त्याच्या यंत्राक बाबलीची समज दी..."

"व्हय म्हाराजा!" मंडप गरजला.

"...आणि नारदाच्या गादयेर माणूसच उभो ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज बाबलीचा होता.