खंडेनवमीची आंघोळ

"सून मुकी हाय का काय गं, धोंडुबाई? त्या खोक्यासंगं पुटपुटती, पर आमच्यासंगं बोलायचं म्हणलं तर तोंड उघडंना."

हे वाक्य अंबूबाईंनी शेजारच्या धोंडुबाईंना चुलीपाशी बसून, त्यांच्या मते हळू आवाजात सांगितलं. अंबूबाईंचा हळू आवाज रहिमतपूरच्या निम्म्या गल्लीला ऐकू जातो. आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती त्यांची नवी सून, प्रियदर्शनी, भिंतीपलीकडं टेबलाखाली वाकून माझी वायर खोचत होती. तिचा हात प्लगवर तसाच थांबला.

ते खोकं म्हणजे मी.

मी कॉम्प्युटर बोलतोय. डेस्कटॉप. लोक पडद्याकडं बघून माझ्याशी बोलतात, पण पडदा हा नुसता चेहरा. खरा मी म्हणजे टेबलाखाली, येणाऱ्याजाणाऱ्याची लाथ खात बसलेला पत्र्याचा डबा. राहता राहिलं पुटपुटण्याचं. अंबूबाईंना वाटतं सून माझ्याशी गप्पा मारते. गप्पा कसल्या! "चल की रं, आता कुठं अडलास?" एवढंच ती म्हणते, आणि तेही दात खाऊन.

माझा जन्म सांगलीतला. एका दुकानाच्या माळ्यावर एका कारागिरानं मला जुळवलं. त्याच्या एका हातात स्क्रू ड्रायव्हर आणि दुसऱ्या हातात भडंगाची पुडी होती. त्यातला एक शेंगदाणा पहिल्याच दिवशी माझ्या पोटात पडला. त्यानं वाकून बघितलं, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि झाकण लावून टाकलं.

तिथून मी शिराळ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलो. दारात पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात.' देवळातसुद्धा एवढं सोवळं नसेल. प्रियदर्शनी तिथं टायपिंग शिकवायची. दर सहा महिन्यांनी ती मला उघडायची आणि कोरड्या ब्रशनं माझं अंग झाडायची. शेंगदाणा तेवढा तिला कधी सापडला नाही. पुढं क्लासमध्ये नवी यंत्रं आली. हिचं लग्नही ठरलं होतं. क्लासच्या सरांनी मलाच हिच्या आहेरात देऊन टाकलं.

टेंपोत लोखंडी कपाट आणि गादी यांच्या मध्ये बसून मी रहिमतपूरला आलो. उंबऱ्यावर अंबूबाईंनी सुनेला ओवाळलं, तिच्यावर अक्षता टाकल्या. मी मागंच होतो. चार दाणे माझ्या जाळीतून आत गेले. माझं काही म्हणणं नव्हतं. मलाही कुणीतरी घरात घेतलंय असं वाटलं.

पंधरा दिवसांनी शिवतेज, म्हणजे हिचा नवरा, सुट्टी संपवून पलटणीत परत गेला. घरात राहिले तिघं आणि चौथा मी.

सासरे आप्पासो स्वतः फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आता ऊस बघतात, ट्रॅक्टर बघतात, आणि दर रविवारी हात पाठीमागं बांधून सगळ्या घराची तपासणी करतात. त्यांचा आवाज अजून कवायतीच्या मैदानावरच आहे. अंबूबाईही कमी नाहीत. दोघं एकाच वेळी बोलतात, एकमेकांना उत्तरं देतात, आणि ती उत्तरं ऐकायला दोघांपैकी कुणीही थांबत नाही. सून मधे बसून मान हलवते. एकदा तिनं सासऱ्यांना "मामा, जरा..." असं म्हटलं होतं. त्या 'जरा'च्या पुढं उसाची लागवड, धोंडुबाईंची म्हैस आणि गॅसची टाकी असे तीन विषय येऊन गेले. ती उठून भांडी घासायला गेली.

तोवर माझं पोट बिघडलं होतं. घरातली धूळ केरसुणीनं बाहेर जाते असा माणसांचा समज आहे. ती माझ्याकडं येते. चुलीची राख, भाकरीचं पीठ, उदबत्तीची भुकटी, गादीचा कापूस, सगळं मी पंख्यानं ओढून घ्यायचो. मग पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला. अंग तापायचं आणि मी अर्ध्या कामात डोळे मिटायचो. प्रियदर्शनी क्लासमध्ये असल्यापासून सांगलीच्या एका छापखान्यासाठी पुस्तकं टाइप करायची. एकदा वीस पानं माझ्यासोबत गेली. छापखान्याचा निरोप आला, "दसऱ्यानंतर मजकूर वेळेवर आला नाही, तर दुसरीकडं काम देऊ." लग्नाआधीचं तिचं असं एवढंच उरलं होतं.

उपाय तिला ठाऊक होता. मला उघडायचं आणि झाडायचं. पण स्क्रू ड्रायव्हर आप्पासोंच्या हिरव्या ट्रंकेत होता, आणि ट्रंकेची किल्ली त्यांच्या करदोट्याला. म्हणजे मागावं लागणार, आणि मागायचं तर बोलावं लागणार. तीनदा ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिन्ही वेळा त्यांनी "चहा व्हय? आण की" म्हटलं आणि तिनं आणला. सासऱ्यांची चहाची सवय वाढली, माझा ताप काही उतरला नाही.

अशात खंडेनवमी उजाडली. या दिवशी घरातली अवजारं धुऊनपुसून पुजतात. आप्पासोंनी पहाटेच पाण्याच्या मोटारीची नळी अंगणात आणली. ट्रॅक्टर धुतला, मोटरसायकल धुतली. खुरपी, विळे, कुऱ्हाड घासून फळीवर एका ओळीत मांडली. मग कमरेवर हात ठेवून ते म्हणाले, "सगळ्यांची हत्यारं झाली. सुनंचं ऱ्हायलं की!"

त्यांनी माझ्या वायरी उपसल्या, मला उचललं आणि कुऱ्हाडीशेजारी नेऊन ठेवलं. खरं सांगतो, ऊर भरून आला. पाच महिने लाथा खाल्लेल्या डब्याला हवालदारांनी हत्यार म्हटलं होतं. मग त्यांनी नळी हातात घेतली, आणि माझा ऊर जागच्या जागी रिकामा झाला.

"बाहीरनं चकाचक हाय वो," अंबूबाई जाळीत डोळा घालून म्हणाल्या. "आत लय घाण. नळी आतच सोडा."

"तेच करतोय. तू सरक, भिजशील."

"साबणाची पूड बी टाकू का?"

"टाक की मूठभर!"

प्रियदर्शनी पूजेचं ताट घेऊन दारात आली. तिनं ओळीत मांडलेली हत्यारं बघितली, मला बघितलं, नळी बघितली. ताट उंबऱ्यावरच राहिलं.

"मामा! थांबा! पाणी न्हाई!"

असा आवाज त्या घरानं तिचा ऐकलाच नव्हता. मीही नाही. पलटणीत हजारदा 'थम' ऐकलेले आप्पासो आपसूक थांबले. टाचासुद्धा जुळल्या. नळीचं पाणी त्यांच्याच पायावर पडत राहिलं.

"आवं, ह्याच्या आत पाणी गेलं तर हा संपला. ट्रंकेची किल्ली द्या. फुलीच्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर पायजे."

आप्पासोंनी करदोट्याची किल्ली सोडून तिच्या हातात दिली.

तिनं मला ओसरीत कोरड्या फरशीवर नेलं. वायरी सुटलेल्याच होत्या, तरी माझं बटण दाबून आत उरलीसुरली वीज जाऊ दिली. झाकण काढलं आणि माझ्या उघड्या पत्र्याला हात लावून घेतला.

"नमस्कार करतीस व्हय?" अंबूबाईंनी विचारलं.

"अंगात बारीक वीज असती आत्या. तिनं आतलं नाजूक सामान जळतं. म्हणून आधी पत्र्याला हात."

"ट्रॅक्टरच्या टायरला हवा मारायचं मशीन हाय की," आप्पासो म्हणाले. "एका झपक्यात साफ हुईल!"

"लय जोर असतो त्याला, आणि पाणी बी उडतं. सायकलचा पंप आणा. आणि बेंदराला शिंगं रंगवायला दोन ब्रश आणलेले, त्यातला एक कोराच हाय न्हवं? त्यो."

हवालदार पळाले. खरोखर पळाले.

"आत्या, तुमी हितं या. ह्या पंख्याचं पातं बोटानं धरा. हवंनं त्यो गरागरा फिरला तर बिघडतो. सोडू नका."

अंबूबाईंनी श्वास रोखून पातं धरलं. आप्पासो पंप मारू लागले, वीतभर लांबून, ती सांगेल तेवढाच. ती ब्रश फिरवत गेली, खालून वर, हलक्या हातानं. माझ्यातून राखी रंगाचा ढग निघाला.

"आगं बया, ह्यात तर माझं पीठ हाय!" अंबूबाई ओरडल्या, पण बोट सोडलं नाही. मग शेंगदाणा घरंगळला. शेवटी कुंकवाचे चार तांदूळ निघाले. त्यांनी दुसऱ्या हातानं ते उचलले, बघत राहिल्या, आणि पदराच्या टोकाला बांधले.

आता माझं बरं चाललंय. पंखा वाजत नाही, छापखान्याचं पुस्तक वेळेत गेलं. पूजेला कुंकू वरच्या पत्र्यावर लावलं, जाळीवर नाही. आप्पासोंच्या रविवारच्या तपासणीत मीही असतो. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढंच करा. आंघोळ घालू नका, ओला फडका आत नेऊ नका. वीज तोडून, वर्षातून दोनदा कोरडं झाडा. आम्हाला मान नको असं नाही, पण तो जरा बाहेरून द्या.

आणि ज्या वाक्यासाठी मी हे सगळं सांगायला बसलो ते राहिलंच. झाकण लावून झालं होतं. अंबूबाईंचं बोट अजून आखडलेलं होतं. त्या म्हणाल्या, "आगं, एवढं सगळं तुला येतंय, मग पाच महिने बोलली का न्हाईस?"

प्रियदर्शनीनं ब्रश झटकला, स्क्रू ड्रायव्हर सासऱ्यांच्या हातात दिला आणि म्हणाली,

"मी मुकी न्हाई, आत्या. तुमी दोघं बोलायला लागला की मधी शिरायला जागाच गावत न्हाई."