नदीपर्यंतचे गाणे

मित्रांनो, मी एक जुनी काशाची थाळी आहे, पण माझ्यात कधी कुणी जेवलेले नाही. माझे गाव सुरगाण्याकडच्या डोंगरात आहे. माझ्या मधोमध मेणाने एक काडी उभी करतात. तिच्यावरून बोटे ओढली की मी गुणगुणते.

गावात कोणी वारले की वाळूबाबा माझ्या नादावर गात. ते गाणे गेलेल्या माणसाला वाट दाखवी. आधी शेताचा बांध, मग नदी, मग डोंगर, आणि त्यापलीकडे त्याचे पूर्वज. पुऱ्या गाण्याला अर्धा दिवस लागे. पन्नास वर्षे आम्ही दोघांनी कुणालाच वाटेत सोडले नाही.

पुढे बाबांच्या मुलाने, दिनेशने, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. नाशिकहून गाड्या येऊ लागल्या. माणसे नागलीची भाकरी खात, "किती शांत आहे हो इथे," म्हणत आणि मला ऐकायला मागत.

"मयताबिगर हे म्हणायचं नाय," बाबा म्हणाले.

"थोडं तरी म्हणा, बा. लांबून आलेत ते."

"मंग नदीपर्यंत म्हणतो. नदी वलांडायला कुणी मेलेलं लागतं."

दर शनिवारी मी नदीपर्यंत वाजले. टाळ्या पडत, फोटो निघत. ऐकून ऐकून दिनेशही तेवढे शिकला.

"पुढलं कधी शिकशील?" बाबा विचारत.

"पाणकाळ्यात. पाहुणे नसले की."

"पाहुणे हटल्याबिगर याला बाप दिसायचा नाय," चुलीपाशी बसलेली त्याची आई, नवसाबाई, हसून म्हणे.

पाऊस लागायच्या आधीच, वैशाखात, बाबा गेले. ते गाणे येणारे गावात दुसरे कोणी उरले नव्हते. सगळे अंगणात बसले. दिनेशने मला पुढ्यात घेतले. बांध झाला, नदी आली आणि त्याची बोटे थांबली.

"पुढं म्हण," नवसाबाई म्हणाली.

"नाय येत, आये."

त्याने मोबाइलमधले व्हिडिओ लावून पाहिले. प्रत्येकात नदीनंतर टाळ्या होत्या. त्या टाळ्या बाबांच्या उशाशी वाजल्या.

"बंद कर ते," नवसाबाई म्हणाली. मग हळूच, "तुझा बा तिथंच उभा ऱ्हाईल का रं?"

दिनेशने पुन्हा सुरुवातीपासून धरले. पुन्हा नदीशी थांबला. तिसऱ्या खेपेला म्हातारी माणसे एकेक करून उठून गेली.

मित्रांनो, मला आजही रोज पुसून खुंटीला टांगतात. माझी निगा चांगली आहे. गाण्याची राहून गेली. तुमच्या घरात कुणाला काही पुरते येत असेल, तर त्याच्यापाशी आजच बसा आणि शेवटपर्यंत बसा. मी तर नुसती वाजते. वाट मला ठाऊक नाही.