प्रसूती विभागाची पाटी

अहो, इकडे वर बघा, मी बोलतेय! रुग्णालयाचा जिना संपतो तिथं छताला टांगलेली पाटी.

मला घडवलं एका डिझायनरनं. माणूस गुणी, पण देखणेपणाचं भारी वेड. त्यानं मला पांढरीशुभ्र ठेवली, मधोमध फिकट राखाडी कळी काढली आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'प्रसूती विभाग'.

"मोकळी जागा बोलली पाहिजे," तो म्हणायचा.

ती काही बोलली नाही. बोलायचे ते लोक, आणि तेही सिस्टरांशी. "सिस्टर, प्रसूती कुठं हो?" हातवारे करून करून बिचाऱ्या दमायच्या. एका आजोबांना तर मी साबणाची जाहिरात वाटले.

एका दुपारी स्वारी कॅमेरा घेऊन आली. मला म्हणे स्पर्धेत पाठवायचं होतं! त्यानं एक डोळा मिटला, तेवढ्यात घामाघूम झालेला एक माणूस बायकोला सावरत आला आणि नेमका माझ्याखाली थांबला. बाईला कळा सुरू झाल्या होत्या.

"दादा, जरा बाजूला व्हा ना. पाटीच्या फोटोत येताय."

"कसली पाटी? प्रसूती विभाग कुठंय ते सांगा आधी!"

डिझायनरनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, बसा," म्हणत त्यानं चाकांची खुर्ची ओढली आणि ढकलत धावत सुटला. तोही चुकीच्या बाजूला!

"अहो, तिकडे हाडांचा विभाग!" सिस्टर ओरडल्या, तेव्हा गाडी वळली.

बाळ-बाळंतीण सुखरूप होती. डिझायनर मात्र नंतर कितीतरी दुपारी समोरच्या बाकावर बसून राहिला. कोण कुठं अडखळतं, कुणाला चष्म्याशिवाय काय दिसतं, सगळ्यांना विचारत बसला. मग त्यानं माझी कळी खरवडली. मी रुसले, पण ऐकतो कोण! ठसठशीत निळी अक्षरं आली, जाडजूड बाण आला.

परवा तो मित्राला घेऊन आला होता. मित्रानं मला खालीवर न्याहाळलं. "यात तू केलंस काय?"

तेवढ्यात एक बाई जिना चढून आली. तिनं वर पाहिलं आणि न थांबता वळून गेली.

"हे," डिझायनर म्हणाला.

आता माझा फोटो कुणी काढत नाही. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण सिस्टरांना हल्ली निवांत चहा मिळतो.

बरं, तुम्ही कुणाला भेटायला आलात ना? मग माझं कौतुक काय ऐकत बसलात? डावीकडे वळा.