बिनधारेची तलवार

जुन्या लष्करी तलवारी जमवणाऱ्या माणसाशी लग्न करू नये, हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही. आमच्या पलंगाखाली गाद्या नाहीत, तलवारी आहेत. पाहुणे आले की आमचे हे आधी तलवार दाखवतात, पाण्याचं मी विचारायचं.

माझ्या बाबांनी मात्र स्वतःच्या वडिलांच्या तलवारीला जावयाचा हात कधी लागू दिला नव्हता. परवा तेच ती जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आले. सोबत माझा दादा. आजोबांनी हिच्यानं शत्रूच्या रांगा कापल्या, हे तो अख्ख्या जगाला सांगत आलाय, त्यामुळे छाती आधीच फुगलेली.

"जावईबापू, खरं काय ते सांगा," बाबा म्हणाले. "लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, लढाईत किती माणसं मारलीत? ते न बोलता उठून गेले. तेव्हापासून वाटतंय, त्यांच्या हातून काहीतरी फार वाईट घडलं असणार."

इतकी वर्षं बाबा हे पोटात घेऊन वावरत होते!

यांनी तलवार दिव्याखाली धरली आणि मूठ बघून कपाळाला हात लावला. "ही घासली कुणी?"

"मी," दादा म्हणाला. "दरवर्षी घासतो. कशी चकाचक आहे!"

"चकाचक? मेव्हणे, खुणा सगळ्या पुसून टाकल्यात तुम्ही!"

मग यांनी माझा पावडरचा डबा पळवला. विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. मुठीच्या आत, जिथे दादाचं फडकं पोचलं नव्हतं, तिथे पावडर चोळून फुंकर मारली. कोरलेल्या रेषांमध्ये पांढरं चित्र उमटलं. छोटंसं तंतुवाद्य होतं ते.

"ही बँडची खूण, मग वादकाचं वाद्य कुठलंही असो. लष्करी बँडमधले वादक अशी तलवार कमरेला लावायचे, शोभेसाठी. आणि पातं बघा, धार कधी लावलेलीच नाही. हिच्यानं पावसुद्धा कापला जायचा नाही."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "आजोबा बँडवाले?"

बाबांनी पात्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे त्यांनी कुणालाच मारलं नाही?"

"या तलवारीनं तरी नाही," हे म्हणाले. खोटा दिलासा द्यायचा यांचा स्वभाव नाही, आणि तेव्हा तो मला फार आवडला.

बाबा डोळे पुसत हसायलाच लागले. "अरे, ते लाजून उठले होते! मी केवढ्या आशेनं विचारलं होतं. शाळेत मिरवायचं होतं ना मला. बिचारे काय सांगणार पोराला, ढोल वाजवला म्हणून?"

"ढोलच कशावरून?" दादा अजून घुश्श्यातच.

"जेवताना टेबल बडवायचे. आई ओरडायची."

बाबांनी आमच्या टेबलावर तो ठेका वाजवूनही दाखवला. थोड्या वेळानं दादाचा पाय आपोआप हलायला लागला.

निघताना बाबांनी चादर आमच्याकडेच टाकली आणि तलवार उघडीच दादाच्या हातात दिली. "ही आता भिंतीवर लावायची. घासायची नाही. आणि कुणी विचारलं तर अशीच छाती फुगवून सांगायचं, माझे आजोबा बँडमध्ये होते."