इंजिनाने ऐकलेले पाढे

व्हॅनभोवती माणसांचं कडं पडलं होतं. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून कुणी कुंपणावर चढलं होतं, कुणी शेजारच्या जिन्यावर. बॉनेट उघडं, इंजिन सुरू आणि त्या घरघरीच्या वरताण इंजिनबाबांचा आवाज.

"लोखंडाला जड समजू नका, बाबांनो! पेट्रोल म्हणजे रक्त, रेडिएटर म्हणजे फुप्फुस आणि कार्बोरेटर म्हणजे काळीज! या काळजात कोण बसलंय? ज्याचं हे इंजिन होतं, तो! स्टिअरिंगवर प्राण सोडलेला!"

"बाबा, या गाडीला कार्बोरेटर नाहीये," गॅरेजवाला मिस्त्री गर्दीतून हळूच म्हणाला.

"सूक्ष्म रूपात असतो!" बाबांनी डोळे न उघडता सांगितलं, आणि गर्दीने माना डोलावल्या.

मग मंत्र सुरू झाला. तो काही केल्या संपेना. पोरं कंटाळली, म्हातारे बसकण मारून बसले. शेवटी बाबांनी चिमूटभर राख इंजिनावर उडवली आणि गरजले, "दाब आता!"

स्टिअरिंगवर बसलेल्या व्हॅनच्या मालकाने रेस दिली. जे इंजिन सकाळी पाय ठेवताच खोकायचं, गचके खायचं, ते एका दमात गुरगुरलं. त्याने गाडी फाटकातून बाहेर काढली, हमरस्ता ओलांडला, वळवून परत आणली. एकही गचका नाही. टाळ्या पडल्या. त्याच्या आईने डोळे पुसले.

स्वयंपाकघराच्या दारात ठमीची आई उभी होती, चार वर्षांच्या ठमीचा हात घट्ट धरून. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ही गोष्ट तेवढ्यातही चारचौघांच्या ध्यानात आली.

व्हॅन शाळेची होती, म्हणजे मालकी तिच्या नवऱ्याचीच, पण गल्लीतली मुलं तिच्यातून शाळेत जायची. जुनं इंजिन जाम झालं, तेव्हा मिस्त्रीने भंगारातून दुसरं आणून बसवलं होतं. ते एका अपघातात चेपलेल्या गाडीचं. तेव्हापासून हे लचांड मागे लागलं. सकाळी घरातून निघालं, की गल्लीच्या तोंडाशीच हमरस्ता आडवा येई. तो ओलांडायला रेस दिली की इंजिन क्षणभर मरगळायचं, नेमकं रस्त्याच्या मधोमध. एकदा तर एक ट्रक एवढ्या जवळ येऊन थांबला, की खिडकीत बसलेल्या ठमीने त्याच्या चाकाचे नट मोजले आणि घरी येऊन आईला कौतुकाने सांगितले.

मिस्त्रीने आपल्या परीने सगळं करून पाहिलं. प्लग बदलले, फिल्टर साफ केला. पण नवरा शाळेची फेरी आटोपून दुपारी गॅरेजला जायचा, आणि तिथे गाडी शहाण्यासारखी चालायची. "माझ्यासमोर तर काहीच करत नाही हो ही!" मिस्त्री वैतागून म्हणायचा. मग कुणीतरी मेलेल्या ड्रायव्हरची गोष्ट काढली, कुणीतरी इंजिनबाबांचं नाव काढलं, आणि मिस्त्रीच्या डोक्यावरचं ओझं परस्पर उतरलं. दोष हातातला नव्हता, आत्म्याचा होता!

चमत्काराच्या दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा रस्त्याच्या मधोमध खोकली.

बाबांना निरोप गेला. बाबा आले, पुन्हा मंत्र झाला, पुन्हा गाडी सुतासारखी सरळ चालली, आणि पुढच्या सकाळी पुन्हा तेच. बाबा जराही ओशाळले नाहीत. त्यांनी डोळे बारीक करून घराकडे पाहिलं.

"या घरात कुणीतरी शंका घेतं. मी बांधलेलं ती शंका सोडवते."

सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. दारात कोण होतं, हे सांगायला नकोच.

"आणि ऐका," बाबा पुढे म्हणाले, "माझं व्रत पुरं होईपर्यंत या इंजिनाला पान्हा लावायचा नाही. लोखंडाने लोखंडाला डिवचलं, की आतला तो चवताळतो. झोपेतही ऐकतो तो."

झालं! आता गाडी उघडायचीही सोय उरली नाही.

"अहो, पण सकाळीच का होतं?" त्या दुपारी तिने नवऱ्याला शंभरदा विचारलेलं पुन्हा विचारलं. "येताना का होत नाही? दुपारी का होत नाही?"

"तो सकाळी गेला ना, म्हणून."

"कुणी सांगितलं तो सकाळी गेला?"

"बाबांनी."

"आणि बाबांना कुणी सांगितलं?"

"अगं, तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे."

"सूनबाई," सासूबाई आतून म्हणाल्या, "चार बुकं शिकलीस म्हणून काही डोळ्यांनी पाहिलेलं खोटं होत नाही."

"मीही डोळ्यांनीच पाहते आहे, आई! रोज सकाळी पाहते!"

तिचा आवाज चढला आणि तिचं तिलाच रडू आलं. भिंतीशी बोललं तर निदान प्रतिध्वनी तरी येतो. दुसऱ्या दिवशी तिने ठमीला घरीच ठेवलं. नवरा दप्तर घ्यायला आला आणि ते खुंटीलाच लटकलेलं पाहून थबकला.

"आपलीच मुलगी बसली नाही, तर लोकांनी आपली मुलं का बसवायची?"

"नाही बसवली तर नाही."

"मग खायचं काय?"

घर त्या व्हॅनवरच चालत होतं. शिवाय आपली ठमी घरात सुरक्षित आणि लोकांची पोरं ट्रकसमोर, हे तिला स्वतःलाही गिळवेना. ती पायात चपला सरकवून बाहेर आली. "चला, मीही येते. ठमी आणि मी, दोघी पुढे बसतो. व्हायचं ते सगळ्यांचं होऊ दे."

ठमीला मांडीवर घेऊन ती ड्रायव्हरशेजारी बसली. भीतीने तिची नजर बाहेर जाईना, म्हणून ती डॅशबोर्डवर खिळली. नवऱ्याने किल्ली फिरवली. इंजिनाच्या उष्णतेचा काटा टुणकन उडून मधोमध जाऊन बसला.

"अहो, हा काटा कसला?"

"इंजिन किती तापलं त्याचा."

"पण अजून तर सुरूच केलं नाहीत! रात्रभर उघड्यावर थंडीत उभी होती ना गाडी?"

"असेल काहीतरी. बोलू नकोस, रस्ता येतोय."

गाडी रस्त्याच्या मध्यावर खोकली. डावीकडून हॉर्नचा कर्कश आवाज आला. तिने ठमीचं डोकं छातीशी दाबलं. गचका खाऊन गाडी कशीबशी पलीकडे गेली. तिच्या डोक्यात मात्र तो काटाच होता. गेल्या थंडीत ठमी तापाने फणफणली असताना घरातला थर्मामीटर पाण्यात बुडवा, काखेत लावा, एकच आकडा दाखवत होता. त्याच्या भरवशावर राहिली असती, तर तिने डॉक्टरला बोलावलंच नसतं.

घरी परत येईपर्यंत काटा तसाच मध्यावर होता, आणि गाडी मुकाट चालत होती. आता इंजिन खरोखरच तापलं होतं. म्हणजे काटा खोटं बोलत होता फक्त सकाळी. आणि बाबा मंत्र म्हणताना इंजिन काय करत होतं? सुरूच असायचं की! आल्या आल्या बाबांचा पहिला हुकूम तोच, "इंजिन चालू करा, त्याला ऐकू गेलं पाहिजे."

"तापवतात हो ते इंजिन! मंत्राच्या नावाखाली नुसतं तापवतात!"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "सिद्ध करशील?"

"करीन. बाबांना उद्या सकाळी बोलवा. मुलांच्या वेळेला."

सकाळी मुलं दप्तरं घेऊन जमली, त्यांच्या आया जमल्या, मिस्त्री आला. बाबा आले आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "चालू करा इंजिन."

ड्रायव्हरच्या जागेवर ठमीची आई बसली होती. किल्ली तिच्या मुठीत.

"बाबा, आज आधी मंत्र म्हणा. इंजिन मग चालू करते."

"त्याला ऐकू कसं जाईल?"

"आत्म्याला ऐकायला पेट्रोल लागतं का?"

कुणीतरी खुदकन हसलं. बाबांच्या कपाळावर आठी पडली. "बाई, हा पोरखेळ नव्हे."

"म्हणूनच विचारते. परवा तुम्हीच म्हणालात, तो झोपेतही ऐकतो. मग म्हणा की."

"म्हणा ना बाबा, काय फरक पडतो?" एक आजोबा भाबडेपणाने म्हणाले. बाबांना माघार घेता येईना. त्यांनी मंत्र म्हटला, पण आज तो भलताच आखूड निघाला. राख उडाली. "दाब!"

तिने किल्ली फिरवली, पाय दाबला. इंजिन खोकलं, गचकलं, फुर्र करून बंद पडलं.

"पाहिलंत?" बाबा विजयाने वळले. "शंकेखोर बाई स्टिअरिंगवर! कसं चालेल?"

"बरं," ती म्हणाली. "आता बाबा गप्प बसतील. मी शंका घेत इथेच बसते, अगदी पोटभर शंका घेत. आणि मुलांनो, तुम्ही इंजिनाला पाढे म्हणून दाखवा. बेपासून तीसपर्यंत!"

मुलांना काय, शाळा बुडत होती! तिने इंजिन पुन्हा सुरू केलं, खोकलं तरी हलक्या पायाने चालू ठेवलं, आणि अंगण दणाणून गेलं. बे एके बे, बे दुणे चार. सतराच्या पाढ्याला निम्मी मुलं घसरली, एकोणीसला फक्त एक मुलगी टिकली, तीही चुकली. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. कसाबसा तिसाचा पाढा संपला, तेव्हा तिने बाहेर येऊन रेडिएटरशी हात नेला. चांगलीच धग लागत होती. पुन्हा स्टिअरिंगवर बसून तिने पाय दाबला.

इंजिन एका दमात गुरगुरलं. तिने खाली उतरून किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. तो रस्ता ओलांडून गेला, वळून परत आला. एकही गचका नाही.

मिस्त्री पुढे झाला आणि त्याने खिशातून पान्हा काढला.

"खबरदार!" बाबा ओरडले.

"बाबा, तुम्ही आधी ट्रक चालवायचात," मिस्त्री म्हणाला. "थंड इंजिनाची खोड तुम्हाला माहीत नसेल, असं मला नाही वाटत. आणि मी तर मिस्त्री. मला तर आधीच कळायला हवी होती." त्याने इंजिनाच्या कुशीतून बोटाएवढा एक सेन्सर काढला आणि तळहातावर धरला. "हा इंजिनाचा थर्मामीटर. भंगारातल्या इंजिनाबरोबर आला. सॉकेट बसलं, म्हणून मी पुढे पाहिलंच नाही. हा दुसऱ्या मॉडेलचा आहे. इंजिन गार असलं, तरी आपल्या गाडीच्या कॉम्प्युटरला हा सांगतो, गरम आहे, गरम आहे. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. कॉम्प्युटर ते देत नाही. मग इंजिन उपाशी पोटी धापा टाकतं. तापलं की काम भागतं. आत्मा कसला, माझाच निष्काळजीपणा."

तो गॅरेजातून जुन्या इंजिनावरचा सेन्सर घेऊन आला आणि बसवला. तेवढ्यात बाबा कधी निघून गेले, ते कुणाला कळलंही नाही.

दुसऱ्या सकाळी काटा तळाशी होता. ठमी आईच्या मांडीवर. हमरस्त्याच्या तोंडाशी नवऱ्याने दोन्ही बाजू पाहिल्या आणि पाय दाबला. गाडी न अडखळता पलीकडे गेली. काटा हळूहळू वर चढत होता. ठमीच्या आईला एवढे दिवस साठलेलं रडू तिथे आलं, आणि नवरा रस्त्यावरून नजर न काढता म्हणाला, "चुकलंच माझं."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ती परतली, तेव्हा शेजारच्या काकू फाटकात वाटच पाहत होत्या.

"पाढे बंद करू नका हं," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "आमचा पाण्याचा पंप सुरू होत नाही. म्हटलं, मुलांना घेऊन याल का? तुमच्या पाढ्यांत काहीतरी आहे खास!"

तिला हसावं की कपाळ बडवावं कळेना. ती फाटकाशीच उभी राहिली.

"काकू, पाढ्यांत काही नव्हतं. बाबांच्या मंत्रातही नव्हतं. मुलं गप्प बसली असती तरी इंजिन तापलंच असतं. कुणी काही करून दाखवलं, की एवढंच विचारायचं: हे केलं नसतं, तर काय झालं असतं? आणि ते खरंच न करून बघायचं. मी काही जादू केली नाही. मला त्या ट्रकची भीती वाटत होती, म्हणून मी बघत राहिले."

"मग पंपाचं काय?"

"चला," ती पदरी पडलेल्या कामाला हात घालावा तशी काकूंच्या घराकडे वळत म्हणाली. "आधी वीज येते का ते पाहू."